जॉर्जियातील द्राक्षशेती व द्राक्षमद्य

कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस आणि काळ्या समुद्राच्या पूर्वेस असलेल्या जॉर्जिया या देशातील एक प्राचीन कृषिव्यवसाय व त्यावर आधारलेला उद्योग. (अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील याच नावाच्या राज्याशी याचा संबंध नाही.) सुमारे ६९,७०० चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा लहानसा देश द्राक्षमद्याच्या जागतिक व्यापारात फ्रान्स, इटली, स्पेन यांच्या तुलनेने अल्पपरिचित आहे. परंतु द्राक्षापासून मद्य तयार करण्याचा आजवर उपलब्ध झालेला सर्वांत जुना रासायनिक पुरावा याच भूमीत सापडला आहे. सुमारे ५२५ देशी वाण, जमिनीत पुरलेल्या मोठ्या रांजणांत मद्य आंबविण्याची पद्धत आणि घरोघरी मद्य करण्याचा प्रघात ही येथील द्राक्षशेतीची तीन प्रमुख वैशिष्ट्ये होत. परचक्रे, कीटकांचा उपद्रव, सामूहिक शेती, मद्यबंदीची मोहीम आणि व्यापारबंदी अशा अनेक आपत्तींतून ही परंपरा टिकून राहिली. ती कशी टिकली आणि तिचा किती भाग नष्ट झाला, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : उत्तरेकडील बृहत् कॉकेशसच्या रांगा थंड वारे अडवितात व दक्षिणेस लघु कॉकेशस पर्वत आहे. या दोहोंमधील खोऱ्यांत द्राक्षशेती केंद्रित झाली आहे. सुरामी पर्वतरांगेमुळे देशाचे पूर्व व पश्चिम असे दोन हवामानविभाग पडतात. पश्चिमेकडे काळ्या समुद्रावरून येणाऱ्या बाष्पयुक्त वाऱ्यांमुळे विपुल पाऊस पडतो. बाटूमीच्या परिसरात वार्षिक पर्जन्यमान सु. २५० सेंमी. असते. पूर्वेकडील हवामान कोरडे व खंडीय स्वरूपाचे असून उन्हाळा कडक असतो. या फरकामुळे दोन्ही भागांतील वाण, वेलींना वळण देण्याच्या पद्धती आणि मद्य करण्याच्या रीती भिन्न आहेत.

पूर्वेकडील काखेती हा सर्वांत महत्त्वाचा प्रांत असून देशातील सु. तीन-चतुर्थांश द्राक्षबागा तेथे आहेत. अलाझानी नदीच्या खोऱ्यातील तेलावी, क्वारेली, गुरजानी व सिघनाघी ही त्याची प्रमुख केंद्रे होत. तेथील शेतकऱ्यास गारपिटीचे भय नित्याचे आहे. २०१५ पासून तेथे गारपीटविरोधी रॉकेटांची यंत्रणा उभारण्यात आली. मध्य भागातील कार्तली, पश्चिमेकडील इमेरेती, डोंगराळ राचा व लेचखुमी, समुद्रालगतचे गुरिया, सामेग्रेलो व आजारा आणि दक्षिणेकडील मेस्खेती हे अन्य द्राक्षप्रदेश होत. पश्चिमेच्या दमट भागात वेली झाडांवर चढविण्याची ‘मघलारी’ नावाची जुनी पद्धत आहे. तीत जमिनीतील ओलाव्यापासून घड दूर राहतात व खालची जमीन इतर पिकांना मोकळी मिळते. द्राक्षे तोडण्यासाठी मात्र झाडावर चढावे लागते.

उगम व पुरातत्त्वीय पुरावा : राजधानी तिबिलीसीच्या दक्षिणेस सु. ५० किमी. वरील मार्नेउलीच्या मैदानात गादाच्रिली गोरा व शुलावेरिस गोरा ही नवाश्मयुगीन वसतिस्थाने आहेत. येथील मृत्पात्रांच्या तुकड्यांचे रासायनिक पृथक्करण करण्यात आले व त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पॅट्रिक मॅकगव्हर्न व दावित लोर्दकिपानिद्झे हे या संशोधनात सहभागी होते. मातीत मुरलेल्या अवशेषांत टार्टारिक अम्ल आढळले. या प्रदेशातील फळांपैकी द्राक्षात ते विशेष प्रमाणात असते. त्याच्या जोडीला मॅलिक, सक्सिनिक व सायट्रिक ही अम्लेही मिळाली. परिसरातील मातीत द्राक्षवेलीचे परागकणही सापडले. हे अवशेष इ. स. पू. सु. ६०००–५८०० या काळातील ठरले. तत्पूर्वी इराणमधील हाजी फिरूझ टेपे येथील इ. स. पू. सु. ५४००–५००० मधील पुरावा सर्वांत जुना मानला जात असे.

या पुराव्याचा अर्थ लावताना काही मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. तो द्राक्षरस मोठ्या भांड्यांत साठविला जात असल्याचे दाखवितो व उबदार हवामानात असा रस थोड्याच दिवसांत आपोआप आंबत असल्याने ते मद्य होते, हे अनुमान सयुक्तिक ठरते. परंतु आज प्रसिद्ध असलेले, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले रांजण नवाश्मयुगातील नव्हेत. त्यांचा प्रसार बराच नंतरचा आहे. त्यामुळे आठ हजार वर्षे एकच रीत अखंड चालत आली, या लोकप्रिय विधानापेक्षा याच भूमीत द्राक्षमद्याची परंपरा आठ हजार वर्षे या ना त्या रूपाने चालू राहिली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

वनस्पतिवैज्ञानिक संशोधनाचा रोखही याच दिशेने आहे. लागवडीतील द्राक्षवेल (व्हायटिस व्हिनिफेरा) रानटी वेलीपासून निर्माण झाली. रानटी वेलीत नर व मादी फुले भिन्न वेलींवर येतात. त्यामुळे सर्वच वेलींना फळे धरत नाहीत. मनुष्याने द्विलिंगी फुलांच्या वेली निवडून त्यांची छाटकलमांनी वाढ केली व त्यामुळे प्रत्येक वेल फळू लागली. ३,५०० हून अधिक रानटी व लागवडीतील नमुन्यांच्या आनुवंशिक अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार सु. ११,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशिया व कॉकेशस अशा दोन प्रदेशांत द्राक्षवेल स्वतंत्रपणे माणसाळविण्यात आली. मात्र यूरोपातील मद्याचे वाण मुख्यतः पश्चिम आशियाई शाखेपासून, तिचा तेथील रानवेलींशी संकर होऊन उद्भवले. कॉकेशसची शाखा बव्हंशी आपल्याच प्रदेशात राहिली. त्यामुळे जॉर्जियातील वाणांचे महत्त्व वाढते, कारण तेथे नष्ट झालेला वाण अन्यत्र मिळण्याचा संभव अल्प असतो.

प्राचीन काळ : ब्राँझयुगात व त्यानंतर मद्याला धार्मिक व सामाजिक प्रतिष्ठा लाभली, हे पुरावशेषांवरून दिसते. त्रिआलेती येथील ब्राँझयुगीन दफनस्थानात मिळालेल्या चांदीच्या चषकावर हाती पेले घेतलेल्या आकृतींची मिरवणूक कोरलेली आहे. पश्चिमेकडील वानी येथे सापडलेली, हाती शिंगाचे पानपात्र घेऊन बसलेल्या पुरुषाची छोटी ब्राँझमूर्ती इ. स. पू. सातव्या शतकातील मानली जाते. पश्चिम जॉर्जियास प्राचीन ग्रीक लोक कॉल्किस म्हणत. इ. स. पू. तिसऱ्या शतकात ऱ्होड्झच्या अपोलोनियसने रचलेल्या आर्गोनॉटिका या महाकाव्यात कॉल्किसच्या राजवाड्यातील चार कारंज्यांपैकी एकातून मद्य वाहत असल्याची कल्पना आहे. काव्यातील ही कल्पना इतिहास म्हणून घेता येणार नाही; परंतु हा प्रदेश द्राक्षवेलींचा म्हणून ग्रीकांना परिचित होता, एवढे तीवरून कळते. जॉर्जियन भाषेत मद्यास ‘घ्विनो’ म्हणतात. यूरोपीय भाषांतील समानार्थी शब्दांशी त्याचे साम्य उघड आहे. मात्र कोणत्या भाषेने कोणाकडून हा शब्द घेतला, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

ख्रिस्ती धर्म व मध्ययुग : चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात राजा मिरियान तिसरा याच्या कारकीर्दीत पूर्व जॉर्जियाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. धर्मप्रसारिका संत निनो हिने द्राक्षवेलीच्या काटक्या आपल्या केसांनी बांधून क्रूस तयार केला, अशी आख्यायिका असून किंचित खाली झुकलेल्या आडव्या भुजांचा तो क्रूस जॉर्जियन चर्चचे चिन्ह बनला. ख्रिस्ती उपासनेत मद्य आवश्यक असल्याने द्राक्षशेतीस धर्माचा आश्रय मिळाला. चर्चची भित्तिशिल्पे, धातुकाम व हस्तलिखिते यांत द्राक्षवेलीची नक्षी वारंवार आढळते. बाराव्या शतकातील राजा दिमित्री पहिला याची रचना मानले जाणारे ‘शेन खार वेनाखी’ हे स्तोत्र मेरीला द्राक्षमळा असे संबोधते. उपासनेसाठी राखून ठेवलेल्या मद्यास ‘झेदाशे’ म्हणत व त्यासाठी घरोघरी वेगळा रांजण असे. काखेतीतील आलावेर्दी व इकाल्तो येथील मठ द्राक्षशेतीचीही केंद्रे होती. आलावेर्दीचे विद्यमान कॅथीड्रल अकराव्या शतकातील आहे. बाराव्या शतकातील वार्दझिया या शैलमठातही मद्याचे रांजण बसविलेली तळघरे आढळतात.

तेराव्या शतकातील मंगोल स्वाऱ्या व चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या तैमूरलंगाच्या मोहिमा यांनी देश वारंवार उद्ध्वस्त झाला. द्राक्षबागेचा नाश हा धान्याच्या शेताच्या नाशापेक्षा दूरगामी ठरतो. कारण धान्य पुढील हंगामात पेरता येते, परंतु नवी वेल भरात येण्यास काही वर्षे लागतात आणि तोपर्यंत कुटुंबाला दुसरा आधार शोधावा लागतो. त्यामुळे द्राक्षवेली तोडणे हा शत्रूची वस्ती कायमची मोडण्याचा एक मार्ग बनला होता. इराणचा शाह अब्बास पहिला याने १६१४–१७ या काळात काखेतीवर केलेल्या स्वाऱ्या या दृष्टीने सर्वांत भीषण ठरल्या. गावे व बागा उद्ध्वस्त झाल्या आणि फार मोठ्या संख्येने लोकांना इराणमध्ये हलविण्यात आले. इराणमधील फेरेयदूनशहरच्या परिसरात जॉर्जियन भाषा बोलणारे त्यांचे वंशज आजही राहतात.

या काळाशी गोव्याचाही एक धागा जोडलेला आहे. काखेतीची राणी केतेवान हिने धर्मांतर नाकारल्यामुळे १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टिनियन पंथाच्या पोर्तुगीज धर्मोपदेशकांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यास आणला. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या मठाच्या अवशेषांत एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या उत्खननात त्या अस्थी मिळाल्या. हैदराबाद येथे झालेल्या आनुवंशिक परीक्षणाने त्या ओळखीस पुष्टी मिळाली व जुलै २०२१ मध्ये भारताने त्या जॉर्जियास सुपूर्द केल्या.

दक्षिणेकडील मेस्खेतीची कथा निराळी आहे. तेथे डोंगरउतारावर दगडी ताली बांधून द्राक्षे पिकवीत. सोळाव्या शतकापासून हा प्रदेश उस्मानी तुर्कांच्या अमलाखाली गेल्यावर मद्यनिर्मिती हळूहळू लोपली व पुष्कळशा पायऱ्यांची शेती ओस पडली. तेथील काही जुन्या वाणांचा रानात वाढलेल्या वेलींतून शोध घेऊन अलीकडे त्यांची पुनर्लागवड करण्यात येत आहे.

क्वेव्री व पारंपरिक मद्यनिर्मिती : जमिनीत पुरलेल्या, अंडाकृती व निमुळत्या बुडाच्या मातीच्या रांजणास ‘क्वेव्री’ म्हणतात. त्याची धारणक्षमता काही शेकड्यांपासून काही हजार लिटरपर्यंत असते. तो चाकावर घडवीत नाहीत. मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचून हाताने चढवितात. खालचा थर पुरेसा सुकल्याशिवाय वरचा थर देता येत नाही, म्हणून मोठ्या रांजणास अनेक आठवडे लागतात. नंतर तो भट्टीत अनेक दिवस भाजतात आणि गरम असतानाच आतून मधमाश्यांचे मेण फिरवितात. मेणामुळे मातीची बारीक छिद्रे बुजून गळती थांबते व आतील भाग धुणे सुलभ होते. पुरण्यापूर्वी पुष्कळदा बाहेरून चुन्याचा लेप देतात. काखेतीतील वार्दिसुबानी व इमेरेतीतील श्रोशा ही गावे या कामाविषयी प्रसिद्ध आहेत. हे कौशल्य पित्याकडून पुत्राकडे जात असल्याने कारागिरांची संख्या थोडीच राहिली आहे.

रांजण बसविलेल्या खोलीस अथवा जागेस ‘मरानी’ म्हणतात. ‘र्त्वेली’ म्हणजे द्राक्षांची तोडणी काखेतीत सप्टेंबरमध्ये व पश्चिमेत त्यानंतर होते. तिला घरच्या उत्सवाचे रूप असते. अखंड ओंडका कोरून केलेल्या ‘साच्नाखेली’ नावाच्या द्रोणीत द्राक्षे पायांनी तुडवितात. काखेती पद्धतीत रस, साली, बिया व बऱ्याचदा देठ हे सर्व रांजणात भरतात. या चोथ्यास ‘चाचा’ म्हणतात. सालीवरील नैसर्गिक यीस्टमुळे किण्वन सुरू होते. कार्बन डाय-ऑक्साइड वायूच्या जोराने चोथा वर येऊन त्याचा जाड थर बनतो; तो तसाच राहिल्यास मद्य आंबून सिरक्यासारखे होण्याचा धोका असतो, म्हणून लांब काठीने तो दिवसातून अनेक वेळा खाली दाबतात. किण्वन संपल्यावर चोथा खाली बसतो. तेव्हा तोंडावर दगडी वा लाकडी झाकण ठेवून ते मातीने लिंपतात व पाच-सहा महिन्यांनी, वसंत ऋतूत, उघडतात.

या रचनेमागील तत्त्व साधे आहे. जमिनीमुळे तापमान वर्षभर थंड व जवळजवळ स्थिर राहते; त्यामुळे किण्वनातील उष्णता शोषली जाते व पुढील मुरवणही संथ होते. बुडाच्या निमुळत्या भागात बिया साचतात व त्यांवर सालींचा थर बसतो. म्हणून बियांतील कडवट द्रव्ये मद्यात मर्यादित प्रमाणातच उतरतात. पांढऱ्या द्राक्षांच्या साली दीर्घकाळ रसात राहिल्याने मद्यास अंबरासारखा गडद पिवळा रंग व तुरटपणा येतो. इमेरेती पद्धतीत देठ वगळून थोडाच चोथा घालतात व तोही कमी काळ ठेवतात, म्हणून तेथील मद्य फिकट व हलके असते. पावसाळी पश्चिमेत देठ नीट पक्व होत नाहीत, हे त्यामागील एक कारण होय. रिकामा रांजण चेरीच्या सालीच्या घासणीने व पाण्याने परत परत धुतात. ही स्वच्छता हा या पद्धतीचा सर्वांत कष्टाचा व निर्णायक भाग होय. उरलेल्या चोथ्याचे ऊर्ध्वपातन करून ‘चाचा’ याच नावाचे तीव्र मद्य काढतात. आटविलेल्या द्राक्षरसात पीठ शिजवून त्यात दोऱ्यात ओवलेले अक्रोड बुडवून ‘चुर्चखेला’ हा टिकाऊ गोड पदार्थ करतात. क्वेव्री पद्धतीचा २०१३ मध्ये युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समावेश झाला.

वाण : लागवडीतील प्रमुख पांढरा वाण रकात्सितेली हा असून तो थंडी सोसणारा व भरपूर अम्ल राखणारा आहे. म्त्स्वाने, किसी व खिख्वी हे काखेतीतील, चिनुरी हा कार्तलीतील आणि त्सित्स्का, त्सोलिकोउरी व क्राखुना हे इमेरेतीतील पांढरे वाण होत. तांबड्यांत सापेरावी अग्रगण्य आहे. या नावाचा अर्थ ‘रंग देणारा’ असा असून त्याच्या सालीप्रमाणेच गरही रंगीत असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस फिकट असतो, त्यापेक्षा हा वाण यामुळे वेगळा ठरतो. राचातील आलेक्सांद्रोउली व मुजुरेतुली यांपासून ख्वांचकारा हे निसर्गतः गोडसर मद्य होते. सामेग्रेलोतील ओजालेशी व गुरियातील च्खावेरी हे झाडांवर चढविण्यास योग्य वाण म्हणून प्रसिद्ध आहेत. या वाणांची नोंद इतिहासकार इव्हाने जावाखिश्विली (१८७६–१९४०) यांनी जुन्या साधनांच्या आधारे केली. केत्सखोवेली, रामिश्विली व ताबिद्झे यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेला जॉर्जियाच्या द्राक्षवाणांचा वर्णनकोश हा या विषयावरील आधारभूत ग्रंथ होय.

रशियन साम्राज्यकाल : १८०१ मध्ये कार्तली-काखेतीचे राज्य रशियास जोडण्यात आले. परचक्रे थांबल्याने बागा वाढल्या व रशियाची बाजारपेठ खुली झाली. कवी व सेनानी अलेक्सांद्रे चावचावाद्झे (१७८६–१८४६) याने त्सिनांदाली येथील आपल्या जहागिरीत यूरोपीय पद्धतीने, चोथा वेगळा करून व ओकच्या पिंपांत मुरवून मद्य तयार करण्यास प्रारंभ केला. त्सिनांदाली हे नाव पुढे एका विख्यात पांढऱ्या मद्यास मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुखरानी येथील सरदार घराण्यानेही याच धर्तीवर मोठा कारखाना उभारला. दावित साराजिश्विली (१८४८–१९११) याने १८८४ मध्ये तिबिलीसी येथे ब्रँडीचा कारखाना काढला. अशा रीतीने घरगुती रांजण व बाटलीबंद व्यापारी मद्य अशा दोन समांतर परंपरा निर्माण झाल्या.

याच शतकात अमेरिकेतून यूरोपमार्गे आलेल्या भुरी व केवडा या रोगांनी आणि १८८० नंतर फायलोक्सेरा या मुळांतील रस शोषणाऱ्या कीटकाने बागांची अपरिमित हानी केली. या कीटकास अमेरिकी वेलींची मुळे दाद देत नसल्याने त्यांच्या खुंटांवर देशी वाणांची कलमे करणे हा उपाय सर्वत्र रूढ झाला. परंतु कलमे करण्यास खर्च व कौशल्य लागत असल्याने शेतकऱ्यांनी मुख्यतः अधिक उत्पन्न देणारे वाण निवडले. पश्चिमेकडील अनेक स्थानिक वाण या काळात मागे पडले. काही ठिकाणी कणखर अमेरिकी संकरित द्राक्षे लावली गेली.

सोव्हिएट राजवट : १९२१ मध्ये लाल सेनेने देश जिंकला. जमिनीचे सामूहिकीकरण झाले आणि १९२९ मध्ये स्थापन झालेल्या ‘सामत्रेस्त’ या सरकारी संस्थेकडे मद्यनिर्मिती सोपविण्यात आली. सोव्हिएट संघराज्यातील बहुतेक प्रदेशांचे हवामान द्राक्षांस प्रतिकूल असल्याने जॉर्जिया, मॉल्डेव्हिया, युक्रेन आदी प्रजासत्ताकांवर साऱ्या संघराज्याचा पुरवठा अवलंबून होता. लागवडीचे क्षेत्र एक लाख हेक्टरांच्या पलीकडे गेले. मात्र यश टनांत मोजले जाऊ लागल्याने रकात्सितेलीसारख्या मोजक्या उत्पादक वाणांवर भर देण्यात आला. रकात्सितेली हा सोव्हिएट संघराज्यातील सर्वाधिक लागवडीचा वाण बनला. गोडसर तांबड्या मद्यांना मोठी मागणी आली; ख्वांचकारा हे मूळचा जॉर्जियन असलेल्या स्टालिनचे आवडते मद्य म्हणून प्रसिद्धी पावले. कारखान्यांत क्वेव्रीस फारसे स्थान राहिले नाही.

या काळात जुनी परंपरा मुख्यत्वे घरांनी जतन केली. सामूहिक शेतीत सामील असलेल्या कुटुंबास घराभोवतीचा लहानसा तुकडा स्वतःसाठी कसता येत असे. त्यात कारखान्याला नको असलेले वाण लावले जात व घरच्या मरानीत पूर्वापार रीतीने मद्य होई. लग्न, बारसे, मर्तिक अशा प्रसंगी ‘सुप्रा’ ही मेजवानी व तीत ‘तामादा’ या प्रमुखाने क्रमाने उच्चारावयाची शुभचिंतने यांना मद्य लागे आणि ते घरचे असण्यात प्रतिष्ठा होती. मे १९८५ मध्ये मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी मद्यपानविरोधी मोहीम सुरू केली. तिचा रोख प्रामुख्याने व्होडकाच्या व्यसनाकडे असला, तरी तिच्या ओघात द्राक्षबागाही मोठ्या प्रमाणावर उपटण्यात आल्या.

स्वातंत्र्योत्तर काळ : एप्रिल १९९१ मध्ये जॉर्जियाने स्वातंत्र्य घोषित केले. त्यानंतरची यादवी, १९९२–९३ मधील अबखाझियातील युद्ध व अर्थव्यवस्थेची घसरण यांमुळे कारखाने बंद पडले. याच काळात परदेशांत जॉर्जियन नावाखाली बनावट व निकृष्ट मद्य विकले जाऊ लागले व देशाच्या कीर्तीस बाध आला. काही बनावट देशातही होत होती. तरीही निर्यातीचा सुमारे चार-पंचमांश भाग जुन्या सवयीने रशियाकडेच जात राहिला.

मार्च २००६ मध्ये रशियाने कीटकनाशकांचे अंश व भेसळ यांचे कारण देऊन जॉर्जियाच्या मद्यावर बंदी घातली. त्यावेळी उभय देशांचे संबंध बिघडलेले असल्याने ही बंदी राजकीय हेतूने घातली गेली, असे जॉर्जियात मानण्यात आले. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २००८ मध्ये, दोन्ही देशांत युद्ध झाले. बंदीमुळे निर्यात एकाएकी कोसळली व द्राक्षांना गिऱ्हाईक उरले नाही. तथापि या संकटाने उद्योगास निराळे वळण मिळाले. मध्य यूरोप, चीन, जपान व अमेरिका येथील ग्राहकांस गोडसर मद्याची सवय नव्हती. त्यांच्यासाठी गुणवत्तेची कसून तपासणी व वेगळेपणा दाखविणे भाग पडले. अशा वेळी घरोघरी टिकून राहिलेली क्वेव्रीची अंबरवर्णी मद्ये पुढे आली. आलावेर्दीच्या मठातील मरानी २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. लहान उत्पादकांनी विस्मृतीत गेलेले वाण शोधून बाटलीबंद केले व इटली, स्लोव्हेनिया आदी देशांतील काही मद्यकारांनी क्वेव्री मागवून घेतले. म्त्सखेताजवळील जिघाउरा येथील सरकारी संशोधनकेंद्रात शेकडो देशी वाणांचा संग्रह करण्यात आला असून तेथून शेतकऱ्यांना रोपे पुरविली जातात. त्सिनांदाली, मुकुझानी, किंद्झमाराउली, ख्वांचकारा इ. मद्यांच्या नावांस उगमस्थाननिदर्शक म्हणून कायद्याचे संरक्षण देण्यात आले.

रशियाने २०१३ मध्ये बंदी उठविली. त्यानंतर निर्यात झपाट्याने वाढून २०२३ मध्ये ती सु. १२ कोटी लिटरपर्यंत पोहोचली. परंतु तीपैकी साठ टक्क्यांहून अधिक मद्य पुन्हा रशियाकडेच गेले. अंतर कमी, चव परिचित व मागणी निश्चित असल्याने उत्पादकास ही बाजारपेठ सोईची वाटते. एकाच ग्राहकावरील अवलंबन किती धोक्याचे असते याचा अनुभव २००६ मध्ये आला असतानाही तीच स्थिती बव्हंशी परत निर्माण झाली, हे या व्यवसायाचे आजचे मुख्य दौर्बल्य होय.

मूल्यमापन : देशात सु. ५२५ वाणांची नोंद असली, तरी व्यापारी लागवडीचा फार मोठा भाग रकात्सितेली व सापेरावी या दोनच वाणांनी व्यापला आहे. अनेक वाण केवळ संग्रहातील काही वेलींच्या रूपाने उरले आहेत. क्वेव्रीमधील मद्य एकूण उत्पादनाचा अल्पांश असून कारखान्यांतील बहुतेक मद्य पोलादी टाक्यांतच तयार होते. जागतिक कीर्ती मात्र देशास त्या अल्पांशामुळेच लाभली. जॉर्जियाच्या द्राक्षशेतीचा इतिहास पाहता आक्रमकांनी बागा तोडल्या, कीटकांनी मुळे पोखरली व शासनाने कधी अतिरेकी लागवड, तर कधी उच्छेद केला. या सर्वांतून वाण व विद्या वाचली ती घरामागील वेल व अंगणातील रांजण यांमुळे. ग्रामीण तरुणांचे शहरांकडे व परदेशांकडे होणारे स्थलांतर पाहता हा घरगुती आधारच आता क्षीण होत आहे. संग्रहकेंद्रातील रोपे वाण राखू शकतात. परंतु रांजण घडविणे, तो धुणे व त्यातील मद्याची पारख करणे हे ज्ञान प्रत्यक्ष कामातूनच पुढच्या पिढीस मिळते. ते काम करणारी माणसे खेड्यांत राहिली, तरच ही परंपरा वस्तुसंग्रहालयाचा विषय न होता चालता व्यवसाय म्हणून पुढे जाईल.